गोल न होणारं वांगं

आमची ही मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली आणि खराडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. ह्यात काही संगती नाही, हे मलाही कळतं.

आयुष्य कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलेलं. कॉम्प्युटर आले आणि आमची स्वेच्छानिवृत्ती झाली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी वांगं काढायला सांगितलं. मी समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन वांगी काढली, मधोमध तुटक रेघ मारली, मापंही टाकली. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणाली, "काका, कारखान्यात बनवायला टाकायचंय का हे?"

मग तिनं सांगितलं, "घरी परत काढा. उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. दुसरी बाजू काळी होते, तिला घाबरू नका. त्याशिवाय वांगं गोल व्हायचं नाही."

घरी बसलो, तर वांग्याला सावलीच पडेना. पडणार कशी? ही गेल्यापासून संध्याकाळ झाली की मी सगळ्या खोल्यांतल्या ट्यूब लावून ठेवत होतो. टीव्हीसुद्धा. घरात माणसं आहेत असं वाटायचं.

शेवटी उठलो. एकेका खोलीतली ट्यूब बंद करत आलो, टीव्ही बंद केला, टेबलावरचा दिवा तेवढा ठेवला. घर केवढं मोठं आहे ते तेव्हा कळलं. वांगं मात्र उचलून घ्यावंसं दिसायला लागलं. मी पेन्सिल आडवी धरली आणि एक बाजू काळी करत गेलो.

तेवढ्यात लॅपटॉपवर हिचा फोन. तिकडे सकाळ.

"अहो, लाइट गेलेत का?"

"नाही. चित्र काढतोय. हे बघ."

"काळं पडलंय की ते! टाकून द्या, भाजीत घालू नका." मग म्हणाली, "पोरीची रजा संपतेय. मी अजून तीन महिने राहू का?"

'राहा की' हे उत्तर मी कधीचं तयार ठेवलं होतं.

"नको. ये आता," मी म्हणालो.

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे. एकटा आहे."

ती पडद्याजवळ सरकली. तिकडे आत बाळ रडायला लागलं. "आलेच हं," म्हणून ती उठली. पडद्यावर तिच्यामागची भिंत राहिली. मी कागद तसाच कॅमेऱ्यापुढे धरून बसलो, हात भरून येईपर्यंत.