दार नसलेलं कलादालन

अमरावतीत मी एक कलादालन बांधलं आणि त्याला दारच ठेवलं नाही. कला रस्त्यावरच्या माणसाला खुली हवी, हे मी भाषणांतून इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी ते मलाही पटलं.

समोर संत्र्यांची गाडी लावणारा एक म्हातारा रोज संध्याकाळी आमच्या फरशीच्या कडेपर्यंत यायचा. सदऱ्याला हात पुसायचा, मान लांब करून आतली चित्रं बघायचा आणि परत फिरायचा. साध्या माणसाला कलेचं दडपण येतं, असा लेख मी मनातल्या मनात लिहूनही टाकला.

एकदा न राहवून विचारलं, "काका, आत काहून येत नाही? सगळं उघडंच तर आहे."

"दार असतं तं वाजवलं असतं," तो म्हणाला. "असं न इचारता कोनाच्या घरात कसं शिरावं? आन् इचाराले कोनी दिसतच नाई."

"या ना, या," मी ओशाळून म्हणालो. त्यानं चपला काढल्या आणि प्रत्येक चित्र सावकाश पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कडेवरच उभा. मी दिसताच हात पुसत म्हणाला, "येऊ काय?"

तेव्हापासून संध्याकाळी तिथं दाराचं काम मीच करतो.