बाईंचे एकशे अठरा अंश

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणजे शिस्तीचा कहर. परीक्षानळी न धुता कोणी पसार झालं, तर त्याला जिन्यातून परत बोलवायच्या. आणि अशा बाईंच्या हातून चूक झाली, तीही चांगली छापून.

सव्वीस वर्षांपूर्वी बाईंनी आणि त्यांच्या मार्गदर्शक सरांनी नवा पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं होतं. पांढरे स्फटिक, एकशे अठरा अंशांना वितळणारे. त्या एका लेखावर बाईंची नोकरी कायम झाली. परवा कपाट आवरताना ती जुनी बाटली हाती लागली. कौतुकानं त्यांनी चिमूटभर स्फटिक भट्टीत वाळवले आणि पुन्हा वितळवून पाहिले. एकशे बेचाळीस. हा तर मूळ कच्च्या मालाचा आकडा! म्हणजे ज्या पदार्थापासून सुरुवात केली, तोच हा. हवेतलं पाणी धरून बसला होता म्हणून तेव्हा लवकर वितळला, एवढंच. प्रक्रिया मुळी झालीच नव्हती.

नाक कापलं जाईल याचं त्यांना फारसं काही नव्हतं. जीव तुटत होता तो दूरच्या विद्यापीठातल्या एका मुलीसाठी. दोन वर्षं ती हाच पदार्थ बनवत होती, तो बनत नव्हता, आणि दर महिन्याला तिची मेल यायची, "मॅडम, माझं काय चुकतंय?" बाई वर तिलाच शहाणपण शिकवायच्या: घाई करू नकोस, ओलसर हवेत उघडं ठेव.

लेख छापणाऱ्या मासिकाला बाईंनी चूक कळवली. उत्तर आलं, दुरुस्ती छापू, पण दोन्ही लेखकांची सही लागेल. बाई सरांकडे गेल्या. सर वर्षभर अंथरुणाला खिळलेले. सगळं ऐकून म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती गं. पण तुझी नोकरी लटकली होती."

"मग आता तरी सही करा, सर."

"त्या लेखाशिवाय आता माझ्याकडे दुसरं आहे काय?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंना संताप आला, पण भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

निदान मुलीला तरी खरं सांगावं म्हणून त्या घरी येऊन बसल्या, तर तिचीच मेल आलेली. "मॅडम, जमलं. तुम्ही सांगितलं तसंच केलं. बरोब्बर एकशे अठरा. काल प्रबंध दिला. पहिल्याच पानावर तुमचे आभार आहेत."

बाईंनी सगळं सविस्तर लिहिलं, शेवटी "एकदा भट्टीत वाळवून बघ" असंही लिहिलं, आणि पाठवलं.

त्या महिन्यात मुलीची मेल आली नाही. पुढच्याही नाही. मासिकाच्या साइटवर लेख अजून तसाच आहे, आणि त्याखाली, त्याचा आधार घेणाऱ्यांच्या यादीत, आता तिच्या प्रबंधाचाही दाखला लागलाय.