काळूरामने न काढलेले भुंगे

काळूराम माडावर चढायचा तेव्हा खालून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस चढत नाही, चालतो आहे. फक्त वाट उभी आहे. चौलच्या नारळाच्या वाड्यांमध्ये त्याच्या तोडीचा पाडेली, म्हणजे माडावर चढणारा गडी, दुसरा नव्हता, हे त्याच्याशी बोलणं टाकलेली माणसंही कबूल करत. आणि एक वर्ष असं आलं होतं की बोलणं टाकलेल्यांचीच संख्या मोठी होती.

जातीने भंडारी. सोळाव्या वर्षी वडिलांच्या मागे माडी काढायला लागला. चाळीस माड त्याच्याकडे होते आणि प्रत्येकावर दिवसातून दोनदा जायचं, सकाळी एकदा, दिवस कलताना एकदा. पोयीला, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याला, कोयत्याने ताजा काप द्यायचा, भरलेलं मडकं उतरवायचं, रिकामं बांधायचं. कोयत्याबरोबर त्याच्या कमरेला हातभर लांबीची एक लोखंडी सळई असे, टोकाला गळासारखी वळवलेली. तिला तो आकडी म्हणे. आकडी होती भुंग्यासाठी.

हा भुंगा अंगठ्याएवढा, काळा, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग असलेला. माडाच्या शेंड्यात कोवळ्या कोंबाशी भोक पाडून आत बसतो आणि रस पितो. तेव्हा काही दिसत नाही. पुढे ती झावळी उलगडली की कात्रीने कातरल्यासारखी दिसते. भोकाच्या तोंडाशी ओला चोथा दिसला की काळूराम आकडी आत सारायचा, मनगटाला एक हिसका द्यायचा आणि भुंगा बाहेर. मग मूठभर वाळूत मीठ मिसळून ते भोक बुजवायचं. मेलेले भुंगे कमरेच्या पिशवीतून घरी जात आणि त्याच्या बायकोच्या, गोदूच्या कोंबड्या त्यांचा फडशा पाडत. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. वर गेलोच आहोत तर करायचं, इतकंच.

पन्नास साली दारूबंदी आली आणि माडी बंद झाली. चाळिशीच्या काळूरामला उरलं ते नारळ पाडण्याचं काम. जिथे दिवसातून दोनदा जायचं, तिथे आता दोन महिन्यांतून एकदा. पाच-सहा वर्षांत वाड्यांमधल्या झावळ्या कातरलेल्या दिसू लागल्या. काही माडांचे शेंडेच कलंडले. वाडीवाले म्हणाले, हवा बदलली.

काळूरामने आपलं मत एकदाच बोलून दाखवलं, विठोबाशेट राऊतांकडे. त्यांची वाडी काळूरामच्या अंगणाला लागूनच होती.

"शेट, हवा न्हाय बदलली. आमचं वर जाणं थांबलंय. रोज माणूस वर असला म्हणजे भुंग्याला बसू देत न्हाय."

विठोबाशेट खळखळून हसले. "म्हणजे भुंग्यासाठी माडी सुरू करा म्हणतोस? मुंबईला अर्ज कर काळू, मी सही करतो!"

सगळी वाडी हसली. काळूरामही हसला आणि कामाला लागला.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात पुण्याहून विद्यापीठाचा एक संशोधक चौलला आला. दत्तात्रेय पोंक्षे त्याचं नाव. वय सव्वीस, चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. भुंग्यावर नवी पांढरी पावडर किती लागू पडते, हे त्याला शोधायचं होतं. विठोबाशेटांनी साठ माड दिले. तिसांच्या शेंड्यात पावडर टाकायची, तीस तसेच ठेवायचे आणि वर्षभर दर पंधरवड्याला नव्याने उलगडलेल्या झावळ्यांपैकी कातरलेल्या किती, ते मोजायचं. पोंक्ष्यांनी पहिल्या दिवशी स्वतः चढून पाहिलं. दोन पुरुष उंचीवर गेले आणि तिथेच माडाला मिठी मारून राहिले.

"साहेब, सोडा आता माडाला," काळूराम खालून म्हणाला. "त्यो कुठं पळत न्हाय."

त्या दिवशी ठरलं, वर काळूराम जाणार, तो ओरडून आकडा सांगणार, पोंक्षे खाली वहीत लिहिणार. पावडर लागू पडली तर वाड्यांना पाडेल्याची गरज आणखी कमी होणार, हे काळूरामला कळत होतं. तरी त्याने काम घेतलं. विद्यापीठाचा माणूस आपल्या गावच्या माडाची विचारपूस करायला येतो, याचं त्याला अप्रूप होतं. पावडर टाकताना तो नाकाला फडकं बांधायचा आणि पोंक्ष्यांनी सांगितलेली मापं चिमूटभरही चुकवायचा नाही.

वर्ष संपलं. पोंक्षे ओटीवर वह्या पसरून बसले. पावडरवाल्या तीस माडांवर कातरलेल्या झावळ्या एकोणतीस. काहीही न केलेल्या तीस माडांवर सदतीस. आणि कुंपणापलीकडच्या वाडीत एकेका माडावर दहा-दहा.

"मला काही कळत नाही, काळूराम," पोंक्षे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पावडर लागू पडली म्हणावं, तर न टाकलेले माडही चांगलेच. भुंगा आला नाही म्हणावं, तर शेजारी बघा. या तीस माडांवर भुंगे गेलेच नाहीत का?"

"गेले की!" काळूराम चटकन म्हणाला. "रग्गड गेले. मी काढले न्हवं."

पोंक्ष्यांचं पेन थांबलं. "काय काढलं?"

"भुंगे. आकडीनं."

"कुठल्या माडांवरचे?"

"या न टाकलेल्या. पावडरवाल्यांवर गरजच न्हवती." हे बोलता बोलताच काळूरामच्या लक्षात आलं की काहीतरी मोठं बिघडलं आहे. त्याचा आवाज खाली आला. "साहेब, शेंड्यात भुंगा दिसतोय आणि तसंच उतरायचं, हे मला कसं जमंल? पोराच्या नाकाला शेंबूड दिसला तर आपण पुसतोच ना? मला वाटलं, तपास पावडरीचा हाय. भुंगा काढणं यात कुठं आलं?"

वह्या गोळा करून पोंक्षे आपल्या खोलीवर निघून गेले. एका वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं काळूरामला वाटलं. रागावले ते विठोबाशेट. देवळासमोर, चार माणसांत त्यांनी त्याला उभं केलं.

"काळू, चूक झाली म्हणतोस? अरे, पावडर चालली तर तुझी आकडी गंजेल, म्हणून केलंस तू हे! त्या पोराला फसवलंस!"

"शेट, चुकलो मी. पण फसवलं न्हाय. फसवायचं असतं तर सांगितलं कशाला असतं?"

"सांगितलंस ते अंगाशी आल्यावर."

हे गावभर झालं. नारळ पाडायला बोलावणारी चार घरं थांबली. त्याचं काळूरामला तितकं लागलं नाही. पण वाटेत कुणी "काय काळूराम, आज किती आकडे फिरवलेस?" म्हणालं की ते मात्र दिवसभर सलत राही. तीस-बत्तीस वर्षं त्याने कुणाचा एक नारळ इकडचा तिकडे केला नव्हता. लोकांच्या डोक्यावरून फिरणाऱ्या माणसाला वरून सगळ्यांची घरं-अंगणं दिसतात. त्याच्या शब्दावर गावाचा भरवसा असावा लागतो. तोच गेला होता.

तीन आठवड्यांनी पोंक्षे पत्र घेऊन त्याच्या दारात आले. पत्र त्यांच्या प्रोफेसरसाहेबांचं होतं. काळूरामला वाटलं, आता पोलिसपाटलाकडे जावं लागणार. पोंक्ष्यांनी उभ्यानेच वाचून दाखवलं.

"'वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही. पावडरीने जे केलं तेच एका माणसाने हाताने केलं असेल, तर त्या माणसाचीही रीतसर परीक्षा घ्यायला हवी. पुन्हा सुरुवात करा. तीन गट करा: पावडर, आकडी आणि ज्यांना कुणीही हात लावायचा नाही असे माड. तिन्ही गटांत भुंग्याखेरीज आणखी काय काय मरतं, तेही लिहून ठेवा.'"

गोदू दारामागून ऐकत होती. "म्हंजे आता यांचीच परीक्षा?"

"हो वहिनी."

"लेखी न्हाय ना? त्यांना सहीपुरतंच येतं."

पोंक्षे त्या वर्षात पहिल्यांदा मोकळं हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "काळूराम, एक गोष्ट पक्की. हात न लावायच्या माडांवर भुंगा दिसला तरी तसंच उतरायचं. जमेल?"

काळूरामने कमरेची आकडी चाचपली. "जमंल," तो म्हणाला. "जमवीन."

नव्वद माड लागणार होते. विठोबाशेटांच्या वाडीत एकोणनव्वद भरले. नव्वदावा काळूरामच्या अंगणातला घेतला, कारण तो कुंपणाला टेकूनच होता. आकड्यांच्या चिठ्ठ्या सुपात घातल्या आणि गावकऱ्यांदेखत उचलल्या. काळूरामचा माड हात न लावायच्या गटात गेला.

तो माड गोदूचा होता. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने रोप लावलं होतं. घरातला नारळ त्याचाच आणि दर नारळी पौर्णिमेला समुद्राला जाणारा नारळही त्याचाच.

पहिले तीन-चार महिने फारसं काही दिसलं नाही. पावसाळा सरता सरता झावळ्या उलगडल्या त्या कातरलेल्या. काळूराम दर पंधरवड्याला चढायचा. ओला चोथा दिसायचा, आत शिंग हललेलं दिसायचं. मोजायचा, ओरडून सांगायचा, उतरायचा. आकडी त्याने घरी खुंटीला ठेवायला सुरुवात केली, हात न लावायच्या माडांच्या दिवशी बरोबर नेतच नसे. हातावर त्याचा विश्वास नव्हता.

"अवो," गोदू म्हणाली, "दुसऱ्याच्या माडांचे भुंगे काढताय, आन् आपला माड उभा खातायत ते बघत बसलाय?"

"चिठ्ठी निघाली, गोदू."

"एक झाड तर हाय. नव्वदातलं एक. साहेब काय वर येऊन बघणार हाय? दोन पुरुषांवर त्याला चक्कर येते."

"म्हणून तर." काळूराम म्हणाला. "त्यो वर येऊन बघू शकत न्हाय, म्हणून तर काढायचा न्हाय."

गोदूने भांडी जरा जोरात आपटली. पण त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. उलट शेजारीण म्हणाली, "तुमच्या माडाचं काय झालं हे?" तेव्हा तिने तोऱ्यात उत्तर दिलं, "विद्यापीठात घातलाय त्याला."

वर्षभर पोंक्ष्यांनी आणखी एक वही ठेवली होती. पावडरवाल्या माडांखाली मरून पडलेल्या मधमाश्या ते चिमट्याने उचलून काचेच्या बरण्यांत ठेवत. मोठ्या पावसानंतर वाडीतल्या तळ्यात मासे उलटे तरंगले तेही त्यांनी मोजले. त्याच तळ्यातून पाट सुटत, आणि विठोबाशेटांची गुरं तिथेच पाणी पीत.

साठ सालच्या उन्हाळ्यात देवळाच्या सभामंडपात वाडीवाल्यांना बोलावलं. पोंक्ष्यांनी वाचून दाखवलं. पावडरीचे तीस माड: कातरलेल्या झावळ्या सव्वीस. आकडीचे तीस माड: एकतीस. हात न लावलेले तीस माड: दोनशे अठ्ठावन्न. मग बरण्या मांडल्या. पावडरीच्या माडांखालच्या मधमाश्यांनी बरणी तळापासून गळ्यापर्यंत भरली होती. आकडीच्या माडांखालची बरणी जवळजवळ रिकामी होती.

विठोबाशेट उठले. "पोंक्षेसाहेब, तुमच्याबद्दल शंका नाही. पण हे सगळे आकडे वरून ओरडले कुणी? यानेच ना? आकडीचे कमी सांगितले, बाकीचे वाढवून सांगितले, असं कशावरून नाही?"

मंडपात चुळबुळ झाली. काळूराम खांबाला टेकून खाली बसला होता. तो उठू लागला, पण पोंक्ष्यांनी हाताने त्याला थांबवलं.

"शेट, पुरती उलगडली की कातरलेली झावळी खालूनही दिसते. शंका असेल तर आत्ताच मोजू. नव्वदांतला कुठलाही माड तुम्ही सांगा."

"त्याच्याच अंगणातला," विठोबाशेट म्हणाले. "खोट कुठे असेल तर तिथेच असेल."

पंचवीस-तीस माणसं काळूरामच्या अंगणात आली. वर पाहायला फार वेळ लागला नाही. वर्षभरात उलगडलेली एकही झावळी धड नव्हती. काही अर्ध्यात तुटून लोंबत होत्या आणि शेंडा एका अंगाला झुकला होता. शेजारी, कुंपणापलीकडे, आकडीच्या गटातला माड हिरवागार डुलत होता. दोन्ही माडांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं.

विठोबाशेट मोजत राहिले. "अकरा," ते म्हणाले. "वहीत?"

"अकरा," पोंक्ष्यांनी वही पुढे केली.

विठोबाशेटांनी वही पाहिली नाही. ते काळूरामकडे पाहत होते. "रोज दारातून हे बघत होतास?"

"बघत होतो."

"आणि आकडी घरातच?"

"घरातच."

मग विठोबाशेटांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काळूराम, मी तुला खोटा म्हणालो होतो. देवळासमोर म्हणालो होतो, म्हणून देवळातून उठून तुझ्या दारात येऊन सांगतो. माझ्या वाडीत तुझ्या हाताखाली चार जण शिकायला पाठवतो. शिकवशील?"

"शिकवीन की," काळूराम म्हणाला. "पण थांबा शेट. साहेब, वर्ष संपलं ना? संपलं ना?"

"कालच संपलं," पोंक्षे म्हणाले.

हे ऐकायला गोदू थांबलीच नव्हती. ती आत जाऊन आकडी घेऊन बाहेर आली आणि तिने ती नवऱ्याच्या हातात दिली. पन्नाशीच्या काळूरामने धोतराचा काचा मारला, माडाला हात लावला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो ती उभी वाट चालत वर गेला. पोंक्ष्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

"एक!" वरून आवाज आला. एक काळा भुंगा टप्पकन अंगणात पडला. "दोन! साहेब, लिहिताय ना? तीन!"

खालून विठोबाशेट मोठ्याने आकडे मोजू लागले. मग हळूहळू सगळं अंगणच मोजू लागलं.