तारा म्हणून हाक मारताना

बारशाची तयारी माझ्याकडे आली, कारण आमच्या घरात याद्या मीच करते. पाळणा शेजारून आणायचा, कुंची शिवून तयार, घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्री भिजत घालायचे. सगळ्यांपुढं खुणा झाल्या. फक्त 'नाव' या शब्दापुढची जागा रिकामी होती.

नाव आत्यानं ठेवायचं, म्हणजे मी. पण हल्ली आत्या नुसती कानात सांगते, ठरवतात आईबाप. माझी भावजय निपाणीची, शाळेत शिकवते. मी विचारल्यावर फोनमधून मान वर न करता म्हणाली, "तारा ठेवू या, वन्सं. मराठीत चालतं, कन्नडमध्येही चालतं. आमच्या बालवाडीत दोघी आहेत."

"जुनं नाही वाटत?"

"जुनं झालं होतं, म्हणून तर नवीन वाटतंय."

तिचं खरं होतं. संस्कृतातून आलेलं नाव. तारा म्हणजे चांदणी, आणि तारून नेणारीही. कोल्हापूरच्या राणीचं नाव म्हणून ते आमच्या भागात घरोघरी गेलं. आईच्या वयाच्या बायकांत, यंत्रमागांनी खडखडणाऱ्या आमच्या वडगावच्या एकाच गल्लीत, कुणी ताराबाई, कुणी ताराक्का, कुणी तारव्वा. पुढं ते म्हाताऱ्यांचं नाव झालं आणि मागं पडलं. आता फिरून आलंय.

आमच्या घरात मात्र ते कुणी घेत नव्हतं. माझी थोरली बहीण तारा सात वर्षांची असताना गेली. मी चार वर्षांची होते, भाऊ जन्मायचा होता. तेव्हापासून आईनं ते नाव तोंडात घेतलं नाही. गल्लीतली ताराबाई तिच्यासाठी 'कोपऱ्यावरची' झाली. आभाळात आम्हाला फक्त चांदण्या दिसायच्या. सर्वपित्रीला एक लहान ताट वेगळं वाढलं जायचं, ते 'तिचं'. भावजयीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आई आत लसूण सोलत होती. तिनं ऐकलं. थोड्या वेळानं मला मोरीपाशी गाठून म्हणाली, "तू आत्या हाईस. कानात दुसरं कायबी सांग. मागांच्या आवाजात कोन ऐकतंय?"

"आणि सगळे तारा म्हणूनच हाका मारतील, त्याचं काय?"

"मारू देत. कानात गेलं ते खरं."

मी तसं करणार नव्हते. आईला हे नाव नको आहे, एवढंच भावजयीला सांगून टाकलं. ती उठली, लेकीला माझ्याकडं दिलं आणि सासूपुढं जाऊन बसली.

"आई, तुम्ही नको म्हणा, नाही ठेवत. पण का, ते सांगा."

आई लसणीकडं बघत बोलली. "जांबोटीला माहेरी गेलते. पोरीला ताप चढला. पाऊस, आनि यष्टीचा पत्ता न्हाय. पाठीला बांधली आनि चालाय लागले. झोपू नगो म्हनून सारखी हाक मारत हुते. तारा. ती म्हनायची, ओ. तारा. ओ. मग एकदा मारली..."

बाहेर माग खडखडत होते.

भावजय म्हणाली, "राहू दे, आई. दुसरं बघू."

"नगो. इतक्यांदा घेतलं की आता तोंडानं. ठेवा तेच. पन मला हाक मारा म्हनू नगा."

बारसं झालं. मी पाळण्यात वाकले, बायकांनी रिवाजाप्रमाणं पाठीत धपाटे घातले, "जोरात सांग गं आत्याबाई, बोलायला पैसे पडतात का!" म्हणून हसल्या. मी नाव सांगितलं. मान वर केली तेव्हा आई पाळण्याकडं बघत नव्हती. ती उंबऱ्याकडं बघत होती. मीही बघितलं. तिथं चपला होत्या, बाकी काही नाही.

तिनं शब्द पाळला. बाळाला ती 'बाई' म्हणायची, 'सोन्या' म्हणायची. मी माझ्या घरून दोन-चार दिवसांनी फेरी मारत होते.

महिन्याभरानं एका दुपारी मी स्वयंपाकघरात डबे लावत होते आणि वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. आई पाळण्याजवळ एकटीच होती. त्या शांततेत तिचा आवाज आला, अगदी हळू.

"तारा."

मी हातातला डबा धरून उभी राहिले. बाळ नुकतंच दूध पिऊन झोपलं होतं.

"तारा." जरा मोठ्यानं. "तारा गं. अगं तारा!"

मी धावले. भावजय माझ्याआधी पोचली होती. आई दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरून उभी होती. भावजयीनं गाढ झोपलेली लेक उचलली, तळपायाला टिचकी मारली, पुन्हा मारली. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. तशीच रडती लेक तिनं सासूच्या हातात दिली.

मी सवयीनं घेऊन थोपटायला पुढं झाले.

"गप करू नगो," आई म्हणाली. "रडू दे तिला. रडू दे."