लिफ्टवाल्या काकांचा प्रोजेक्टर

लिफ्टवाले काका स्टुलावरून पडले तेव्हा काकूंनी आधी आरडाओरडा करून शेजाऱ्यांना बोलावलं, काकांना दवाखान्यात पोचवलं, आणि घरी परत आल्यावर पहिलं काम केलं ते स्टुलाला लाथ घालायचं. लागलं त्यांच्याच पायाला. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

काका म्हणजे अख्ख्या इमारतीचे काका. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. कुठे लिफ्ट अडकली की निरोप यायचा आणि काका भरल्या ताटावरून उठायचे. काकू करवादायच्या, पण मनातून सुखावायच्या, कारण कुठेतरी चार माणसं आपल्या नवऱ्याची वाट बघत उभी असायची. निवृत्तीनंतर वाट बघणारं कुणी उरलं नाही. मग काकांनी एक जुना प्रोजेक्टर पैदा केला, बैठकीच्या खोलीत सोफ्यालगत छताला उलटा टांगला आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र रंगवून घेतली. दर रविवारी संध्याकाळी इमारतीतली म्हातारी मंडळी आपापले टीव्ही सोडून इथे सिनेमा बघायला जमू लागली. काकांना पुन्हा चार माणसं मिळाली.

पुढे प्रोजेक्टरने रिमोटला दाद देणं बंद केलं. बटणं त्याच्या अंगावरच, त्यामुळे काका दर रविवारी स्टुलावर चढायचे. एका रविवारी पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. परगावच्या मुलाने फोनवर निकाल दिला की प्रोजेक्टर विकून टाकू, मी गिऱ्हाईक बघतो आणि तुम्हाला मोठा टीव्ही पाठवतो. काकूंनी हो म्हणून टाकलं. स्वतः चढावं तर त्यांना उंचीवर चक्कर यायची, आणि पाहुण्याला स्टुलावर चढवून यजमानाने सोफ्यावर बसायचं हे काकांना मरेस्तोवर पटलं नसतं.

काका म्हणजे आमटीत मीठ कमी पडलं तर तासभर बोलणारा माणूस. पण रविवारी संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले, "दार लावून घे. कुणी आलं तर झोपलोय म्हणून सांग." काकूंनी लगेच मुलाला फोन करून गिऱ्हाईक जरा थोपवून धरायला सांगितलं.

मग एका सकाळी काका वॉकर सरकवत प्रोजेक्टरखाली जाऊन उभे राहिले आणि मान वर करून त्याच्या पाठीकडे बघू लागले. तिथे नऊ टाचण्यांचं एक तोंड होतं, सिरियल पोर्ट. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काका लिफ्टच्या पेटीला अशाच तोंडातून केबल जोडून कॉम्प्युटरवरून तिला हुकूम सोडायचे. हा प्रोजेक्टरही हुकूम घेणार, चालू हो, बंद हो, आणि वर उत्तरही देणार, असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, बघा बाई, या घरात कुणीतरी उत्तर देणारं हवंच होतं.

वायरमन येऊन छताच्या कडेने केबल ओढून गेला. काकांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, हुकूम टाइप केला. प्रोजेक्टर ढिम्म. दुसऱ्या दिवशीही ढिम्म. काकांनी जेवणावरचं लक्ष काढलं, तेव्हा काकूंनी मनाशी ठरवलं की आता हे यंत्र आपणच भंगारात देऊ. तिसऱ्या दिवशी काकांनी केबलचं टोक उघडलं आणि एकटेच हसायला लागले. बोलायची तार बोलायच्या तारेला जोडली गेली होती आणि ऐकायची ऐकायच्या. "दोघंही बोलतायत, ऐकत कुणीच नाही," ते म्हणाले. "आपल्यासारखंच." त्यांनी तारांची अदलाबदल केली, प्रोजेक्टरला तब्येत विचारली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर उत्तराची ओळ उमटली. प्रोजेक्टरच्या आतल्या दिव्याचं आयुष्य थोडंच उरलं होतं म्हणून त्यांनी तो पेटवून मात्र बघितला नाही. रविवारी सगळ्यांसमोरच पेटवणार होते.

रविवारी मंडळी आली. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या चार अक्षरं टाइप केली आणि डोक्यावर प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरला. सगळे भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर नुसता मळकट उजेड. काकांनी यंत्राला त्याचं तापमान विचारलं. आकडा आला, पुन्हा विचारलं तर चढलेला. त्यांचा चेहरा उतरला. दिवा गेला, असं कुणीतरी हळूच पुटपुटलं.

काकूंनी वर बघितलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. मिक्सर, टीव्ही, फोन, घरातल्या एकूण एक वस्तूला लोकरीचं झबलं विणून घालायची त्यांची सवय. वायरमन स्टुलावर चढलाच होता, तर त्याच्याकडून प्रोजेक्टरलाही झबलं चढवून घेतलं होतं. काकांच्या नजरेला ती झबली इतकी सरावली होती की त्यांना ते दिसलंच नव्हतं.

"अहो, बंद करा, माझं झबलं आहे त्याच्यावर," काकू म्हणाल्या. काकांनी बंद करायचा हुकूम सोडला. कुणी उठायच्या आत काकूंनी अडगळीतून स्टूल ओढून आणलं आणि पदर खोचून वर चढल्या. काकांनी बसल्या जागेवरून दोन्ही हातांनी स्टुलाचा पाय घट्ट धरला. काकूंनी डोळे मिटून झबलं ओढलं आणि उतरल्या.

यंत्र निवेपर्यंत थांबायला हवं होतं. कुणीही उठून गेलं नाही. काका मधून मधून तापमान विचारत होते आणि उतरता आकडा मोठ्याने वाचत होते, आणि मंडळी तो आकडा एखाद्या निकालासारखा ऐकत होती. शेवटी काकांनी पुन्हा ती चार अक्षरं टाइप केली. भिंत एकदम उजळली आणि चित्र आलं, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. टाळ्या वाजल्या. शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं की हे केलं कुणी, मुलाने का?

"नाही. आमच्या ह्यांनी," काकू म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत असं म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ. काका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि उगाचच आवाज कमी-जास्त करू लागले.

सोमवारी मुलाचा फोन आला. गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळी घेऊन जाईल म्हणाला. काकू लॅपटॉपवर झबलं घालत होत्या.

"प्रोजेक्टर राहू दे," त्या म्हणाल्या. "स्टुलाला कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ."