पाय टेकणारी गाडी

दीक्षा टीचरला कुणी ठेंगणी म्हटलेलं खपत नाही. तोंडावर सोडाच, पाठीमागं म्हटलेलंसुद्धा तिच्या कानावर कसं जातं कुणास ठाऊक, पण जातं, आणि मग त्या माणसाची खैर नसते. तेलंगणातल्या इंद्रवेल्लीकडच्या एका शाळेत ती पाचवीला शिकवते आणि वर्गातली अर्धी पोरं तिच्यापेक्षा उंच आहेत. फळ्याच्या वरच्या टोकाला हात पुरत नाही म्हणून हेडमास्तरांनी एकदा तिला लाकडी पाट आणून दिला. बाईंनी तो उचलला आणि खिचडी शिजवणारीला बसायला नेऊन दिला. फळ्याची वरची ओळ आजतागायत कोरीच असते.

अशी ही बाई त्या दिवशी सकाळी आदिलाबादच्या बसस्टँडमागं, भाड्यानं स्कूटी देणाऱ्या सुरेंद्रच्या दुकानापुढं उभी होती. एका हाताला तिची माय, शकुबाई. मायच्या डाव्या डोळ्यावर पट्टी आणि वर प्लास्टिकचं झाकण. उजवा डोळा केव्हाच गेलेला. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचण करताना एकदा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचं टोक घुसलं आणि तिकडचा उजेड कायमचा बंद झाला. उरलेल्या एका डोळ्यावर तिनं पोरीला शिकवलं, मास्तरीण केलं. आता त्यालाही मोतीबिंदू झाला होता आणि त्याचं ऑपरेशन काल झालं होतं. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आणि धक्का तर अजिबात नको. हा डोळा गेला तर दुसरा नाही.

रात्री दोघी बसस्टँडजवळच्याच एका नातेवाइकाकडं राहिल्या. सकाळी पट्टी उघडायची होती. डॉक्टर दुपारी निर्मल गावच्या दवाखान्यात जायचे, म्हणजे त्याच्या आत पोचायला हवं. आणि नेमका त्याच दिवशी आटोवाल्यांनी बंद पुकारलेला. दवाखाना रेल्वे फाटकाच्या पलीकडं, शकुबाईचे गुडघे चार पावलांत बोलायला लागणारे, त्यात दोन्ही डोळ्यांनी अंधार. चालत न्यायचा प्रश्नच नव्हता.

दुकानापुढं तीन गाड्या होत्या. एक बॅटरीवाली, पण तिचं चार्जिंग संपत आलेलं. एक नवी कोरी, उंच, भरदार, पुढचा दिवा बैलाच्या कपाळाएवढा. आणि एक जुनी, बारकी, दोन्ही बाजूंनी खरचटलेली.

"मॅडम, ही घेऊन जा," सुरेंद्र बारकीच्या सीटवर हात मारत म्हणाला. "दिसाले अशी हाय, पण ब्रेक पक्का हाय. अन् सीट खाली हाय. तुमचे पाय टेकतील."

शेजारच्या चहाच्या ठेल्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं. दीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली.

"मोठी काढा."

"मोठी जड हाय, मॅडम. रोडनं लांब जाले चांगली. गावात थांबत थांबत जा लागते. कापसाचा सीझन हाय, फाटकाले लय गर्दी."

"मी काय आज पहिल्यांदा गाडी पाह्यली काय? रोज जंगलातून येऊन-जाऊन राह्यली मी."

खोटं नव्हतं ते. पण जंगलातल्या रस्त्यावर असं असतं की घरून निघालं की शाळेतच थांबायचं. मधे फार तर एखादी म्हैस आडवी येणार. दिवसातून दोनदा पाय टेकायचा, तोही आपल्या अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात. तिथं गाडी ही चालायची वस्तू. शहरात गाडी ही थांबायची वस्तू असते, हे बाईंच्या लक्षात कसं येणार? तिनं मोठी गाडी काढली, दुकानापुढं एक गोल चक्कर मारली आणि बोटांच्या टोकावर का होईना पाय टेकवून दाखवला. ठेल्याकडं बघत दाखवला.

"आजींले मागं बसवून एक चक्कर मारा," सुरेंद्र म्हणाला.

"काही गरज नाही."

शकुबाई बसली, जशा आपल्याकडच्या बाया लुगडं-पातळ नेसून बसतात तशी. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, डावीकडं. मांडीवर पिशवी. सगळा भार डावीकडं. "पोरी, लय उंच गाडी हाय व," ती म्हणाली.

"मस्त गाडी हाय, माय. तू मले धरून बस."

मोकळ्या रस्त्यावर गाडी पाण्यासारखी गेली आणि दीक्षाला वाटलं, बघितलं, सगळ्यांना बोलायला काय जातं. तेवढ्यात चौक आला. थांबली, डावा पाय खाली टाकला, तर गाडी मायच्या वजनानं डावीकडं कलंडायला लागली. अंगठ्यावर तोलून धरली तिनं. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी गाडी कशीबशी सावरायची. परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण परत फिरायचं म्हणजे त्या ठेल्यापुढून जायचं.

फाटक बंद होतं. मार्केट यार्डाकडं निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, एकेकीच्या पोटातून कापूस बाहेर आलेला, आणि मधल्या फटीफटीत मोटारसायकली घुसलेल्या. दीक्षा रस्त्याच्या डाव्या कडेला अडकली. तिथं डांबर संपून उतार लागत होता. म्हणजे जमीन आणखी खाली. पायाचा अंगठासुद्धा आता नीट टेकत नव्हता. नुसती कंबर वाकडी करून ती तोल धरून होती. घामानं हात हँडलवरून निसटत होते.

"काय झालं व? थांबली काऊन?"

"फाटक हाय, माय. हलू नको."

"मी कुठं हलून राह्यली?"

रेल्वे गेली. फाटक वर व्हायला लागलं आणि सगळ्यांनी एकदम हॉर्न दाबले. उजवीकडच्या मोटारसायकलचा आरसा दीक्षाच्या हँडलला घासला. एवढंच झालं. पण गाडी डावीकडं गेली. तिनं पाय टाकला, खाली जमीनच नव्हती. पाय उतारावर गेला, माय तिच्या पाठीवर जोरात आदळली, आणि झाकण लावलेला डोळा तिच्या खांद्याच्या हाडावर बसला. दीक्षाला झाकणाची ती टणक कड खांद्याला लागलेली कळली. गाडी अजून कलंडतच होती.

आणि जे ती आयुष्यात कुणापुढं बोलली नव्हती ते तिच्या तोंडून भर रस्त्यात निघालं. "धरा कोणीतरी! माझा पाय पुरत नाही!"

कापसाच्या गाडीवरून एक हमाल खाली उडी टाकून आला आणि त्यानं मागचा दांडा दोन्ही हातांनी पकडला. "पट्टुकुन्ना अम्मा," तो तेलुगूत म्हणाला, धरलंय मी. त्यानंच शकुबाईला अलगद उतरवलं आणि एका पंक्चरच्या दुकानात स्टुलावर बसवलं.

"लागलं काय, माय? डोळ्याले लागलं काय?"

"नाही व. कुठं लागते."

तिच्या आवाजावरून काहीच कळेना. पट्टीच्या कडेनं पाणी आलं होतं. ते घामाचं की कशाचं? दीक्षानं फोन काढला. सुरेंद्रचा नंबर लावताना दोनदा चुकला.

"ती बारकी घेऊन या. फाटकापाशी या," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं."

बारकी गाडी गर्दीतून वाट काढत आली. सुरेंद्रनं मोठीची चावी घेऊन बारकीची तिच्या हातात ठेवली, भला माणूस. दीक्षानं आधी गाडी उतारावर नेली, मुद्दाम. बसली. दोन्ही पाय सपाट टेकले. मग सुरेंद्रला सांगून मायला मागं बसवलं, एका बाजूला, पिशवीसकट, आणि तशीच थांबून राहिली. गाडी हलली नाही. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. दुकानापुढं, ठेल्याच्या देखत करायला हवं होतं ते तिनं फाटकापुढं पन्नास माणसांच्या देखत केलं, आणि कोण हसतंय ते पाहायला तिला सवडच नव्हती.

दवाखान्यापर्यंत किती वेळा थांबावं लागलं कोण जाणे. प्रत्येक वेळी पाय टेकला. पण आता त्याचं तिला सुख नव्हतं. खांद्याला लागलेली ती कड मनातून जात नव्हती.

डॉक्टर निघायच्याच तयारीत होते. परगावचे, हिंदीत बोलायचे. पट्टीला हात लावत त्यांनी विचारलं, "अम्मा, रास्ते में कहीं धक्का तो नहीं लगा?"

"नाही, नाही," शकुबाई घाईनं म्हणाली. "आमची पोरगी लय सांभाळून आणते."

दीक्षाला वाटलं जमीन फाटावी. मायनं मार खाऊन वर तिलाच झाकलं होतं.

"लगा है," ती म्हणाली. "जोर से लगा है. मेरी वजह से. गाड़ी मैंने गलत ली."

डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि दिवा जवळ ओढला. पट्टी सुटली. ते बघत राहिले, पापणी वर करून, मग खाली ओढून, पुन्हा वर करून. दीक्षा भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

शकुबाईनं डोळा मिटला, उघडला. मान वळवून तिनं खोलीत शोधलं आणि तिची नजर भिंतीपाशी येऊन थांबली.

"रडून काऊन राह्यली व?" ती म्हणाली. "दिसून राह्यलं ना मले."