हैदराबादचा तिसरा दिवस

अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ओळखीतलं कुणी हैदराबादला निघालं की आधी माझ्याकडे येतं. काय बघावं, काय खावं, कुठे उतरावं — मी एका कागदावर सगळं लिहून देतो, वर चहा पाजतो. पहिला दिवस, दुसरा दिवस, चौथा दिवस. तिसऱ्या दिवशी काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणतो. लोकांना वाटतं, मी गंमत करतोय. त्या तिसऱ्या दिवसाबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही. बायकोजवळ नाही, देवापुढे नाही. तुमच्यापुढे उघडतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर कदाचित तुम्हालाही कागदच लिहून दिला असता.

आधी चांगलं चांगलं सांगतो. खोटारड्या माणसाची हीच रीत असते, नाही का?

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्ही कुठेही गेलो नव्हतो. तुळजापूरला जाऊन येणं, लग्नाच्या पंगतीत जेवून येणं याला फिरणं म्हणत नाहीत. दोन वेळा बॅगा भरल्या होत्या. दोन्ही वेळा धर्मापुरीकडच्या सासुरवाडीहून फोन आला — नानांचं काही खरं नाही, लवकर या. नाना म्हणजे शोभाचे वडील. जन्मभर शेळ्यामेंढ्यांच्या मागे हिंडलेला माणूस, दम्यानं पार पिचलेला. आम्ही धावतपळत जायचो तर नाना बाजेवर बसून बशीतून चहा ओढत असायचे. "जावईबापू, अवचित कसं काय येणं केलं?" असं वर मलाच विचारायचे. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण ते हसणं माझ्या पोटात कुठेतरी खडा होऊन बसलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगतो.

तिसऱ्या वेळी फोन आला नाही आणि आम्ही खरोखरच गेलो. मी, शोभा आणि आमची पूजा, तेव्हा दहा वर्षांची. मी महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून शाळेच्या वहीत सगळं लिहून काढलं होतं. पहिल्या दिवशी चारमिनार — तो अंधारा, गोल गोल जिना चढताना शोभानं माझा शर्ट मागून घट्ट धरला होता. दुसऱ्या दिवशी म्युझियमातलं ते घड्याळ. तासाचे ठोके द्यायला त्यातून एक एवढासा माणूस बाहेर येतो, आणि तो बघायला शे-दोनशे माणसं माना वर करून बसलेली असतात. मग संध्याकाळी तलावातल्या बुद्धापर्यंत बोटीतून. बोट हलली की शोभा ओरडायची आणि स्वतःच्याच ओरडण्याला हसायची. इतकं मोकळं हसताना मी तिला अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. घरी ती पदराआड हसते.

हा हसणारा चेहरा लक्षात ठेवा. बाकी सगळं मी त्यासाठी केलं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. आता तेही खरं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लॉजशेजारच्या इराणी हॉटेलात बसलो होतो. बन-मस्का, चहा आणि ती खारट-गोड उस्मानिया बिस्किटं. शोभा पूजाचे हात धुवायला मागे मोरीकडे गेली आणि माझा फोन वाजला. साडेआठ झाले होते. दत्ताचा फोन, शोभाच्या धाकट्या भावाचा.

"दाजी, नाना गेले. पहाटंच गेले. अक्काला घिऊन निघा. गाडी करा, पैशाचं मी बघतो. तुमी येस्तोवर ठुतो नानाला."

आमच्याकडे लेक येईपर्यंत बापाला उचलत नाहीत. लेकीनं तोंडात पाणी घालायचं, मग पुढचं. दिवस मावळेपर्यंत थांबता येतं, त्याच्या पुढे नाही. त्याच वेळी गाडी केली असती तर चार-साडेचारला आम्ही दारात असतो. हा हिशेब मी नंतर केलेला नाही. तो फोन कानाला असतानाच मी केला होता.

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "दत्ता, इथं गाडी मिळंना. आज बंद हाय सगळं. उद्याशिवाय पोचत न्हाई आमी. थांबू नका." तो म्हणाला, अक्काला द्या फोन. मी म्हणालो, ती रडून रडून पडलीये, बोलायच्या हालतीत नाही. तेवढ्यात शोभा मोरीकडून आली — ओले हात झटकत, पूजाच्या तोंडावर पाणी उडवत, हसत. तिकडून दत्ता म्हणत होता, "तरी बी मावळस्तोर ठुतो, दाजी. काय तरी बघा." मी फोन बंद केला. शोभानं विचारलं, कुणाचा होता? गिऱ्हाईक, म्हणालो.

इथपर्यंतचं एका क्षणात झालं, असं म्हणता येईल. माणूस गडबडतो, तोंडातून काहीतरी निघून जातं. पण मग मी टोपी विसरली म्हणून लॉजवर परत गेलो. गर्दीत चोऱ्या होतात म्हणून शोभाचा फोन मीच खोलीवर ठेवायला लावला होता. तो मी बंद केला. बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत थांबलो, आणि टोपी घालून खाली आलो. याला गडबड म्हणतात का?

मग आम्ही गोवळकोंड्याला गेलो. खालच्या दरवाजात टाळी वाजवली की पार वरच्या टोकाला ऐकू जाते. शोभा आणि पूजा वर चढून गेल्या, मी खाली थांबून टाळ्या वाजवल्या. धर्मापुरीच्या अंगणात नाना घोंगडीवर निजवलेले, आणि त्यांचा जावई किल्ल्याच्या कमानीखाली उभा राहून टाळ्या वाजवतोय. मी खरंच वाजवल्या. मोजून पाच.

मी वर पोचलो तर शोभाला नुसतं उचंबळून आलं होतं. नाना असंच एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या मेंढरांना हाळी द्यायचे, आणि कळप वळायचा, म्हणे. राजाचं घर कसं असतं ते बघून ये आणि मला सांग, असं निघताना त्यांनी तिला बजावलं होतं. "अहो, जरा घरी लावून द्या ना. नानाला इथूनच सांगते." तिनं हात पुढे केला. माझ्या खिशात फोन होता, पुरती रेंज होती. मी काढून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, इथं रेंज नाही. ती "असू द्या, रातच्याला बोलीन" म्हणाली आणि पूजाला घेऊन पलीकडचा बुरूज बघायला गेली.

दुपारी बिर्याणी. माझ्या वहीत तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. घरात मयत असताना आमच्या गावात शेजाऱ्याचीसुद्धा चूल पेटत नाही. शोभानं पोटभर मटण बिर्याणी खाल्ली, बोटं चाटली, वरून खुबानीचं गोड मागवलं. मी समोर बसून बघत होतो. मलाही भूक होती — हे सांगायलाच हवं. मीही खाल्लं.

आणि मग बांगड्यांचा बाजार. चारमिनारच्या पायथ्याशी ती सगळी गल्लीच बांगड्यांची. शोभानं स्वतःसाठी काही घेतलं नाही. आईसाठी घ्यायच्या म्हणाली, हिरव्या, खडे लावलेल्या. "कित्ते का माप होना, अम्मा?" दुकानदारानं विचारलं. सव्वादोन, ती म्हणाली. आईचे हात बारीक आहेत. ती अर्धा तास त्या बांगड्या उजेडात धरून पाहत होती, मला विचारत होती, या बऱ्या का त्या? त्याच सुमारास तिकडे सासूबाईंच्या हातातल्या फोडत असणार, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, त्या बऱ्या, गडद हिरव्या.

साडेसहाला लॉजवर आल्यावर मी तिला सांगितलं. दत्ताचा आत्ता फोन आला, म्हणालो. नाना सकाळीच गेले. त्यांनी उरकलं पण. त्याला आधी कळवायचं सुचलं नाही बहुतेक.

तिनं हंबरडा फोडला नाही. नुसतं मला विचारलं, "मी दुपारी काय खाल्लं?" एवढंच. त्या दिवसापासून तिनं मटणाला हात लावलेला नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त बोचतं ते. तुम्हाला वाटेल, झालं की सगळं सांगून. नाही. आतापर्यंतचं मी एकट्यानं केलं. पुढच्यात दुसऱ्या एका माणसानं मला साथ दिली, आणि त्याची किंमत त्यानंच मोजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासुरवाडीला पोचलो. तोवर शोभानं घरी फोन लावू दिला नव्हता, तोंडावरच विचारीन म्हणाली होती. अंगण माणसांनी भरलेलं. शोभा गाडीतून उतरली ती सरळ दत्तावर धावून गेली. "कावून सांगितलं न्हाईस मला? बाप माझा न्हवता का?" दत्ता गोंधळला. "अक्का, सकाळीच फोन केलता की. साडेआठलाच —" तो थांबला. शोभानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

 मी फक्त मान हलवली. नाही, अशी.

दत्ताचा फोन त्याच्या खिशात होता. त्यानं तो काढला असता, पडद्यावर बोट फिरवलं असतं, तर तारीख-वेळेसकट सगळं समोर आलं असतं. त्याचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. पण आमच्याकडे जावयाला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. जावई म्हणजे मान. त्याचा पाणउतारा झाला की त्याचे भोग लेकीला भोगावे लागतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. दत्तानं माझ्याकडे पाहिलं — तेव्हा त्याला सगळं कळलं होतं — मग त्यानं बहिणीकडे पाहिलं, आणि हात खिशातून रिकामाच बाहेर काढला.

"चुकलं माझं, अक्का," तो म्हणाला. "गडबडीत ऱ्हाऊन गेलं."

मागून सासूबाई काहीतरी म्हणायला लागल्या. लई वाट बघितली गं, दिवस मावळस्तोर... दत्तानं त्यांना हातानंच गप्प केलं. मावळेपर्यंत थांबला होता तो. मी थांबू नका म्हटलं तरी. मी अंगणातल्या एका खुर्चीवर बसलो आणि कुणीतरी मला पाणी आणून दिलं, जावई म्हणून, सगळ्यांच्या आधी. ते मी प्यायलो. हिरव्या बांगड्यांचं शोभानं काय केलं ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्याला आता सात वर्षं झाली. शोभानं भावाच्या घराची पायरी पुन्हा चढलेली नाही. आई इकडे येऊन तिला भेटून जाते. राखी नाही, भाऊबीज नाही. दर दिवाळीला दत्ता एसटीच्या ड्रायव्हरकडे साडी देतो. ती परत पाठवते. दत्ताला मुलगी झाली. आमच्याकडे बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. आत्या गेली नाही. शेजारच्या कुणा बाईनं ते काम केलं. मी एकटा गेलो होतो, टोपडं आणि बाळलेणं घेऊन. दत्तानं मला टॉवेल-टोपीचा आहेर केला, "दाजी, जेवून जा" म्हणाला. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी एका शब्दानंही बोललेला नाही. एकदा तरी आईबहिणीवरून शिव्या घालेल, कॉलर धरेल, असं मला वाटायचं. तशी मी वाटही पाहत होतो. तो फक्त विचारतो, अक्का बरी हाय ना? मी म्हणतो, बरी आहे.

का केलं मी असं? त्या सकाळी ती हसत होती, आणि ते हसणं मी कमावलं आहे असं मला वाटत होतं. माझं होतं ते. मेलेल्या माणसालाही द्यायला मी तयार नव्हतो. याहून मोठं कारण मी बरंच शोधलं. सापडलं नाही.

गेल्या आठवड्यात पूजा नर्सिंगला नागपूरला गेली. जायच्या आदल्या दुपारी शोभा तिची बॅग भरत होती आणि मी दारात बसून कुलपाची किल्ली दोऱ्यात ओवत होतो. मध्येच शोभा थांबली. पोर एवढ्या लांब चालली, म्हणाली. मग हळूच म्हणाली, "अहो, एक ऐका. उद्या माझं काय बरंवाईट झालं, तर पूजा येस्तोवर मला हलवू देऊ नका. कुणी काय बी म्हणू द्या. आमच्या दत्तासारखं करू नका. तुमच्याबिगर मला कुणाचा भरवसा न्हाई."

मी मान वर केली नाही. बरं, म्हणालो. ती समाधानानं हसली आणि बॅगेची चेन ओढायला लागली.